कपाटाला कुंकू

महानंदाकाकूंनी तराजूला कुंकू लावलं, चाळणीला लावलं, पट्ट्याच्या मोटारीला लावलं, हमालांच्या हुकांना लावलं. फाटकाजवळ टेकवलेल्या मोडक्या झाडूलासुद्धा बोट टेकवलं. मग उभ्या असलेल्या बायांना एकेकीला लावत माझ्यापाशी आल्या, ताट तसंच पुढं नेलं आणि माझ्या पलीकडच्या शेवंताच्या कपाळाला लावलं. मला दोन पेढे जास्त दिले.

"घे अनसूया," म्हणाल्या, "लेकीला ने."

मी पेढे घेतले. हसलेसुद्धा. विधवेला कुंकू लावत नाहीत, ही काही त्यांनी काढलेली रीत नव्हती. पण झाडूला जे मिळतं ते आपल्याला नाही म्हटल्यावर बाईच्या पोटात काय होतं, ते बाईलाच ठाऊक. त्यात ही बाई मिलमालक गुरलिंगअप्पाची बायको, आणि मला विधवा करणारा माणूस गुरलिंगअप्पाच होता. हे गावात मी सोडून कुणी मानत नव्हतं.

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या मोंढ्यातल्या सगळ्या डाळ मिल त्या दिवशी बंद असतात. मेन स्विच सकाळीच पाडायचा, यंत्रं धुऊनपुसून घ्यायची, झेंडूच्या माळा घालायच्या, आंब्याची पानं बांधायची आणि ज्याच्या ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याच्यापुढं नारळ फोडायचा. वीज कंपनीच्या लाईनमन लोकांनाही बोलावणं असतं. नारळ मिळतो, टॉवेल-टोपी मिळते. बाकी सगळ्या मिलमध्ये मी जायचे. अप्पाच्या मिलमध्ये कधी पूजेला पाय ठेवला नव्हता. त्या वर्षी हणमंत म्हणाला, "वहिनी, चला की. नाही गेलात तर तो म्हणतो, बाई मला भिते. गेलात तर निदान त्याला घास गोड लागणार नाही." हणमंत म्हणजे माझा जोडीदार वायरमन, आणि आधी माझ्या नवऱ्याचा जोडीदार. त्याचं म्हणणं मला पटलं.

पण अप्पाला घास गोडच लागला. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, गळ्यात सोन्याची साखळी. मला बघून हात पसरून पुढं आला.

"ये अनसूया, ये! बरं वाटलं. मागचं धरून बसू नये माणसानं. मुंजाजी सोन्यासारखा पोरगा होता, ओ. पण..."

आणि सगळ्यांसमोर त्यानं अंगठा ओठाला लावून मान मागं केली. बाटली दाखवतात तशी.

हमाल खाली बघायला लागले. हणमंत दुसरीकडं बघायला लागला. हातातला नारळ मी अप्पाच्या टाळक्यात घातला नाही, याचं मला इतकी वर्षं झाली तरी नवल वाटतं.

मुंजाजी ढगे म्हणजे माझा नवरा. लाईनमन होता. प्यायचा का? प्यायचा. खोटं कशाला बोलू? पोळ्याला प्यायचा, शिमग्याला प्यायचा, आणि भावाच्या लग्नात तर बँडपुढं लोळला होता. पण पोलवर चढायच्या दिवशी बाटलीला शिवायचा नाही. "साप आणि तार," म्हणायचा, "दोघांना ओळखपाळख नसते, अनसूये." असा माणूस अप्पाच्या मिलच्या मागच्या गल्लीत, भर दुपारी, पोलवर चिकटून गेला. खाली उतरवला तेव्हा त्याच्या पायातली एक चप्पल वरच अडकलेली होती. ती कुणी काढली नाही. पुढच्या वाऱ्यात पडली असेल.

चौकशी झाली. अप्पानं जबाब दिला की मुंजाजी झिंगत आला, मी अडवलं, ऐकलं नाही, लाईन चालू असतानाच चढला. अप्पाच्या दोन गड्यांनी माना डोलावल्या. तसंच लिहिलं गेलं. लाईन बंद न करता, दारूच्या नशेत. मी बोंबलून सांगत होते की लाईन बंद होती. त्याला माझ्याकडं कारणही होतं. पण दारुड्याच्या बायकोचं कारण कोण ऐकतं? माझी प्रणिता तेव्हा पहिलीत होती. शाळेत तिला पोरं "दारुड्याची पोरगी" म्हणाली, तर तिनं एकाचा ओठ फोडला. मास्तरांनी मला बोलावून घेतलं. घरी आणून मी तिला मारलं नाही. म्हटलं, बरं केलंस.

तेव्हाच ठरवलं. रडून काही होत नाही, शिव्याशाप देऊन तर मुळीच होत नाही. अप्पाचं पाप माझ्या हातानं बाहेर काढीन आणि ज्या गावानं माझ्या नवऱ्याला दारुडा म्हटलं, त्याच गावासमोर काढीन. दहावी पास होते. आयटीआयला वायरमनच्या वर्गात नाव घातलं. वर्गात एकटी बाई. पोरं हसायची, सासू म्हणायची जनाची नाही तर मनाची तरी लाज धर. मी काही धरलं नाही. पोलवर चढायला शिकले. नोकरी लागली ती दुसऱ्या तालुक्यात. तिथून अर्ज करून करून बदली मागून घेतली ती याच गावात. लोकांना वाटलं, बाई सासरच्या ओढीनं आली. ओढ होती, पण सासरची नव्हती.

माझं गणित साधं होतं. मागच्या गल्लीची लाईन बंद होती, तरी त्या तारेत वीज आली. म्हणजे ती दुसरीकडून आली. त्या पोलला लागून एकच भिंत आहे, अप्पाच्या मिलची. मिलला समोरच्या रस्त्यावरून मीटरची रीतसर लाईन होती. पण तिला मागूनही एक चोरटी नळी असणार, गल्लीच्या लाईनवरून. आणि तिच्यातूनच त्या दिवशी मिलमधली वीज उलटी पोलवर आली असणार. फक्त ती सापडत नव्हती.

वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकाला तांबोळी साहेब आले तेव्हा मला धीर आला. तरुण माणूस, हुशार, आवाज कधी चढवायचा नाही. त्यांनी गल्लीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, मीटर बसवला. डीपीतून वीज जाते किती आणि गल्लीच्या बिलांत येते किती, हे ताडून बघितलं. दिवसा फार मोठी तफावत. रात्री काही नाही. साहेबांनी आधी गल्ली धुंडाळली, कारण गल्लीत तारेवर टाकलेले चोरीचे आकडे होतेच. गरिबांचे आकडे, एक दिवा, एक पंखा. ते सगळे काढले. बायांनी आम्हाला शिव्या घातल्या, एकीनं तर चुलीतलं लाकूड घेऊन पाठलाग केला. आकडे गेले, तफावत तशीच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग मिल तपासली. एकदा नव्हे, दोनदा. मीटर गाईसारखा गरीब, सील जागच्या जागी. मागच्या पोलवर अख्ख्या गल्लीच्या वायरींचं जाळं, त्यातली कुठली कुणाच्या घरात जाते, ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. पोलला लागून जमिनीत गेलेला लोखंडी पाईप होता, पण अर्थिंगचा पाईप तर प्रत्येक पोलला असतो. दोन्ही वेळा अप्पानं साय घातलेला चहा पाजला. दुसऱ्या वेळी परत येताना तांबोळी साहेब जीपमध्ये म्हणाले, "ढगे बाई, वाईट वाटून घेऊ नका. वैर आणि पुरावा या दोन गोष्टी आहेत. मी तुमच्या वैरावर कुणाचं कुलूप तोडू शकत नाही. पुरावा आणा." मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं.

तर त्या खंडेनवमीला, अप्पानं अंगठा ओठाला लावला आणि मी नारळ घेऊन मागं वळले. पेढ्यानं हात चिकट झाले होते. पाण्याचा हौद मिलच्या मागच्या अंगाला. तिकडं जायची वाट चुनीच्या गोदामातून. डाळ भरडून जी चुनी उरते ती जनावरांना विकतात, तिची पोती तिथं रचलेली असतात. त्या गोदामात यंत्र नाही, काटा नाही, काही नाही. भिंतीला लागून एक गंजलेलं लोखंडी कपाट. मागच्या दोन्ही धाडींत मी ते बघितलं होतं. पुढं पोती लावलेली असायची. अप्पा म्हणाला होता, बापाच्या वेळचं आहे, आत जुन्या वह्या आहेत, उंदरांनी खाल्लेल्या.

आज पोती बाजूला सरकवलेली होती. आणि त्या कपाटाला झेंडूची माळ होती.

नुसती माळ असती तरी मी म्हटलं असतं, उरली म्हणून घातली. पण ही माळ मोटारीच्या माळेपेक्षा जाड होती. दारावर कुंकवाची पाच बोटं उमटवलेली, ताजी. त्याखाली सुकलेली, काळी पडलेली, गेल्या वर्षीची. त्याच्याही खाली आणखी जुनी. खाली आंब्याची पानं, वर विडा-सुपारी. आणि दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ बाहेर येत होती. वास उदबत्तीचा.

मी तिथंच उभी राहिले. काकूंना मी ओळखत होते. देवाधर्माची बाई, पूजेत कुणाला वगळलं तर पाप लागतं असं मानणारी. तिनं झाडू वगळला नव्हता, आणि ज्याच्यावर घर उभं राहिलं ते वगळण्याची तर तिची छातीच झाली नसती. लपवायला अप्पा हुशार होता, पण खंडेनवमीला हत्यार उपाशी ठेवायची त्याचीही हिंमत नव्हती. बंद कपाटात उदबत्ती कोण लावतं? आत हत्यार असल्याशिवाय कुणी लावत नाही.

  इतक्या वर्षांनी सावज टप्प्यात आलं होतं. हौदावर गेले, हात धुतले, तोंड धुतलं, परत येऊन महानंदाकाकूंच्या पाया पडले.

"देव तुझं भलं करो," काकू म्हणाल्या.

"करायलाय, काकू," मी म्हटलं.

तांबोळी साहेब ऑफिसातच होते. सणाची ड्यूटी त्यांनी स्वतःकडं घेतली होती, म्हणजे बाकीच्यांना घरी जाता यावं.

"साहेब, बंद कपाटातून उदबत्तीचा धूर निघाला, तर आत काय असेल?"

"देव असेल."

"देव देवघरात असतो, साहेब. आज हत्याराची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याची. चुनीच्या गोदामातल्या गंजक्या कपाटावर अप्पाचं कुठलं पोट चालतं?"

साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, कुंकवाच्या थरांसकट. ते ऐकत राहिले.

"उद्या सकाळी गेलो तर?"

"उद्या दसरा. मुहूर्तावर मिल सुरू होणार, पोती परत जागेवर येणार. आज अप्पा गाफील आहे, आज त्याच्या पोटात पुरणपोळी आहे."

साहेब उठले. "पंच कोण मिळतील?"

पंच म्हणजे धाडीचे साक्षीदार. मी शाळेच्या हेडमास्तरांचं आणि औषधाच्या दुकानवाल्या जोशींचं नाव सांगितलं. हेडमास्तर तेच होते, प्रणितानं ओठ फोडला तेव्हा मला बोलावून घेणारे. म्हटलं, त्यांनीही बघू दे.

साहेब पंचांना आणायला गेले. मी आणि हणमंत मोटारसायकलवर पुढं निघालो. गल्लीच्या डीपीपाशी मी गाडी थांबवायला लावली, माझं तिथलं काम उरकलं, आणि हणमंतला तिथंच उभं केलं. "मी निरोप देईपर्यंत इथून हलायचं नाही. ब्रह्मदेव आला तरी डीपीला हात लावू द्यायचा नाही." एक म्हातारी दारातून ओरडायला लागली होती. हणमंत तिची समजूत काढत बसला, आणि मी चालत मिलकडं गेले.

जीप आली तेव्हा अप्पा जेवून सुपारी कातरत होता. पथक बघून उठला, पण घाबरला नाही. दोन धाडी पचवलेला माणूस तो.

"साहेब, सणाला आलात! पान लावा कुणीतरी. मीटर बघायचा? बघा की. मेनच पाडलेला आहे आज."

"मीटर नको," साहेब म्हणाले. "चुनीच्या गोदामातलं कपाट बघायचंय."

अप्पाच्या हातातला अडकित्ता थांबला.

"त्याची किल्ली कधीच हरवली, साहेब. बापाच्या वेळचं कपाट ते."

"मग आतली उदबत्ती कुणी लावली, अप्पा?" मी विचारलं. "तुमच्या बापानं?"

हेडमास्तर खोकले. हसू आलं की ते खोकायचे. तोवर हमाल गोळा झाले होते, खांद्यावर सकाळचेच नवे टॉवेल. आम्ही गोदामात आलो. साहेब शांतपणे म्हणाले, "किल्ली द्या, नाही तर पंचांसमोर कुलूप तोडतो." अप्पानं मान हलवली. पण काकूंचा हात आपसूक कमरेच्या जुडग्याकडं गेला, आणि तो सगळ्यांनी बघितला. अप्पानं बायकोकडं असं बघितलं की ती बिचारी अर्धी झाली. मग तिनंच किल्ली काढून दिली.

कपाटाला आत फळी नव्हती, वही नव्हती, पाठीचा पत्रा कापलेला होता. भिंतीवर एक काळा जुना स्विच, लांब दांड्याचा. दांडा खाली केला की मीटरच्या लाईनवर मिल, वर केला की मागच्या चोरट्या लाईनवर. त्याला कुंकवाची बोटं, झेंडूची छोटी माळ. पुढं संपत आलेली उदबत्ती. आणि जमिनीतून वर आलेली मनगटाएवढी केबल, तिची तांब्याची टोकं उघडी, स्विचला आवळलेली. मागच्या भिंतीपलीकडं बरोब्बर तो पोल, आणि अर्थिंगचा म्हणून आम्ही सोडलेला तो पाईप.

हमालांत कुजबूज झाली. अप्पा मात्र लगेच सावरला. माझा शत्रू होता, पण मूर्ख नव्हता.

"अहो, हा जुना स्विच आहे! बापानं बसवलेला. बापाची आठवण म्हणून पूजा करतो, त्यात काय चोरी? करंट-बिरंट काही नाही त्यात. कधीचा मेलेला आहे. लावा तुमचं यंत्र, बघा!"

तांबोळी साहेबांनी खिशातून टेस्टर काढला. टेस्टर काय दाखवणार ते तिथं मला एकटीला ठाऊक होतं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मशीन कशाला? अप्पा सांगतायत ना, मेलेली आहे. अप्पा, मेलेली आहे ना केबल?"

"शंभर वेळा सांगू का?"

"नको. एकदा हात लावा."



"कुठं?" अप्पा म्हणाला.

"त्या तांब्याला. मूठ नको, नुसतं बोट टेकवा. तुम्ही बोट टेकवलंत की मी या सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते, नोकरी सोडते आणि लेकीला घेऊन गाव सोडते. परत तुमच्या वाटेला येणार नाही."

साहेबांनी माझ्याकडं चमकून बघितलं. "ढगे बाई, हे—"

"त्यांच्या तोंडचीच गोष्ट आहे, साहेब. मी वेगळं काय म्हणतेय?"

"लावा की, अप्पा," हेडमास्तर म्हणाले. "एका बोटाचं काम. बाई कायमची टळली तुमची."

"लावा, अप्पा," मागून एक हमाल म्हणाला. मग दुसरा. मजा बघायला कुणाला नको असतं?

अप्पा माझ्याकडं बघत होता. कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं होतं. सगळ्या मोंढ्यात ज्याच्या शब्दावर सौदे व्हायचे, तो माणूस एका बाईनं सांगितलेल्या साध्या गोष्टीत अडकला होता. मागं हटला तर चोर, पुढं गेला तर... पुढं गेला तर काय होतं, ते त्यानं एकदा बघितलेलं होतं. त्याचा हात निघाला.  मी डोळे भरून बघत होते. माझ्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट अंगठा ओठाला लावून सांगणारा हाच तो हात. काय आनंद झाला मला! प्रणिता झाली तेव्हा झाला होता तसला, अंगभर. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

हात मध्येच थांबला. मग अप्पानं डोळे मिटले, दात आवळले आणि बोट पुढं केलं. अब्रूचा पक्का माणूस, मरायला तयार झाला पण खोटं सोडेना.

तेवढ्यात महानंदाकाकू किंचाळल्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला असा हिसका दिला की दोघंही पोत्यांवर पडले.

"नका ओ! नका लावू हात! मुंजाजीला त्यानंच खाल्लं ओ!"

 अप्पा बायकोच्या तोंडावर हात ठेवायला गेला, तो तिनं झिडकारला. अशी बांध फुटल्यासारखी बोलायला लागली की थांबेना.

"किती वर्षं मी हे पोटात ठेवू? त्या दिवशी मागची लाईन गेली, मोटार बंद पडली. गिऱ्हाईक दारात उभं होतं. ह्यांनी दांडा ओढला. अडकला होता, जोर लावून ओढला. अर्ध्यातच बसला. मोटार सुरू झाली अन् मागून आरडाओरडा ऐकू आला. मी म्हटलं, दांडा पाडा, दांडा पाडा! तर हे म्हणाले, थांब, आधी कोण ओरडायलाय ते बघू..."

"गप!" अप्पा ओरडला. पण त्या आवाजात आता दम नव्हता.

तांबोळी साहेबांनी स्विचच्या दांड्याकडं बघितलं, केबलकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "अर्ध्यात बसला," ते हळू म्हणाले. "दोन्ही लाईनी एक झाल्या. मीटरकडची वीज या केबलमधून उलटी मागच्या पोलवर गेली." मग माझ्याकडं वळले. 

मी पुढं गेले आणि ती उघडी केबल मुठीत धरली.

सगळे ओरडले. हेडमास्तर तर भिंतीला जाऊन चिकटले. साहेब धावले. मी तशीच धरून उभी राहिले. तांबं थंडगार होतं.

"घाबरू नका," मी म्हटलं. "खरंच मेलेली आहे. अप्पा, आयुष्यात एकदा खरं बोललात, आणि तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या हातानं मी खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतल्या तीन फ्यूज काढून पोत्यावर ठेवल्या. चिनीमातीच्या, हाताळून काळ्या झालेल्या.

"गल्लीच्या डीपीच्या फ्यूज. येताना मीच काढल्या. हणमंत तिथं उभा आहे. हेडमास्तर, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्यात लाईनमन पोलवर चढण्याआधी डीपीच्या फ्यूज काढतो आणि स्वतःच्या पिशवीत टाकतो. म्हणजे तो खाली उतरेपर्यंत दुसऱ्या कुणाला लाईन चालू करता येऊ नये. मुंजाजी गेला त्या दिवशी दवाखान्यात त्याची पिशवी माझ्या हातात दिली. आत पक्कड होती, न खाल्लेली भाकरी होती, आणि अशाच तीन फ्यूज होत्या. चौकशीवाल्यांपुढं नेऊन ठेवल्या, तर म्हणाले, बाई, ह्या तुम्ही कुठूनही आणल्या असतील."

माझा आवाज तिथं फाटला. फाटू दिला.

"माझा नवरा शुद्धीत होता, अप्पा. लाईन बंद करून चढला होता. जशी मी आज बंद करून आले, तस्साच. त्यानं काही चुकवलं नव्हतं. तुम्ही दांडा ओढलात, आणि वर तो ओरडत असताना तुम्ही कोण ते बघायला गेलात."

अप्पा पोत्यावर बसून राहिला. धोतराला चुनी लागली होती, ती झटकायचंही सुचलं नाही त्याला. हमालांतला एक म्हातारा पुढं आला आणि आपल्या खांद्यावरचा नवा टॉवेल काढून अप्पाच्या पायाशी टाकून बाहेर गेला. त्याच्या मागून दुसऱ्यानं टाकला. एकानं तर टॉवेल टाकता टाकता थुंकलं, आणि साहेबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

नंतर हणमंतला निरोप गेला, फ्यूज परत बसल्या, टेस्टर लावला आणि केबलमध्ये वीज दिसली. साहेबांनी पंचांना ती दाखवली, फोटो काढले. चोरी सिद्ध व्हायला आता काही उरलं नव्हतं. साहेब पोत्यावर कागद पसरून पंचनामा लिहायला बसले.

तेव्हा महानंदाकाकू माझ्यापाशी आल्या. पदर पसरला. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत पसरलेलं.

"अनसूया, माझ्या लेकीसारखी आहेस तू. आम्हाला माफ कर गं. मघाशी मी जे बोलले ते रागात, भीतीत बोलले. तेवढं कागदावर नको. चोरीचं लिहा, मुंजाजीचं नको. हे जेलात जातील गं. माझ्या कुंकवाकडं बघ."

मी बघितलं. नीट, डोळे भरून बघितलं. मग कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं उचलून झटकलं, साहेबांच्या समोर पसरलं आणि काकूंना हाताला धरून त्याच्यावर बसवलं.

"माफीचं नंतर बघू, काकू," मी म्हटलं. "आधी मघाशी बोललात ते परत बोला. पहिल्यापासून. आणि सावकाश सांगा, साहेबांना लिहायला वेळ लागतो."